लोणी की लोनी?



पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी हडपसर आणि मांजरी ही स्थानके मागे टाकते आणि मग लोणी येते. हा लोहमार्ग जुना आहे. पुण्यापासून दिक्सळपर्यंतची गाडी १८५८ साली सुरू झाली. फलाटावरच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत 'लोणी' असे लिहिलेले आहे. पण त्याच गाडीतून उतरणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारा, "आजी, कुठं उतरायचं?" ती सांगेल, "लोनीला." पाटी म्हणते लोणी, आजी म्हणते लोनी. आता यांतले खरे कोण? पाटी सरकारने लावली हे कबूल. पण गाव तर आजीचे आहे!

प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु आपल्या मराठी भाषेचा मोठा इतिहास त्याच्या पोटात दडला आहे. एक भाषा आणि तिच्या पुष्कळ बोली, त्यांतल्या एकीलाच मानाचे पान का मिळाले, आणि बाकीच्यांच्या वाट्याला काय आले, हा तो इतिहास. आज त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

मी स्वतः लोणी काळभोरचा. घर शेतकऱ्याचे. घरात आम्ही पानी पीत होतो, दानं निवडत होतो आणि कोन आलं म्हणून दाराकडे बघत होतो. शाळेत गेलो तेव्हा कळले, की पानी हे पाणी आहे, दानं हे दाणे आहेत आणि कोन नव्हे, कोण. एकदा वर्गात उभे राहून धडा वाचताना मी 'पानी' म्हणालो. गुरुजींनी थांबवले. "बाणातला ण, नळातला न नव्हे. म्हण पुन्हा." मी पुन्हा म्हणालो, पुन्हा तेच. दहा वेळा म्हणवून घेतले आणि दहाही वेळा वर्ग हसला. गंमत अशी, की हसणाऱ्यांपैकी निम्मी मुले घरी गेल्यावर पानीच पिणार होती. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही त्यांच्या गुरुजींनी असेच शिकवले असणार. पण त्या दिवसापासून वर्गात हात वर करताना माझा हात अर्ध्यावरच थांबू लागला.

पुढे महाविद्यालयात भाषेचा इतिहास शिकलो, तेव्हा एक नवल समोर आले. ते आधी सांगतो.

आपण भाकरीवर घेतो ते लोणी पाहा. गावाच्या नावाची व्युत्पत्ती मी सांगत नाही, खायच्या लोण्याची सांगतो. संस्कृतात याला 'नवनीत' म्हणतात. लोकांच्या तोंडी, म्हणजे प्राकृतात, त्या शब्दातल्या 'न'चा 'ण' झाला, मधला 'त' गळाला, पहिल्या अक्षराचा पुढे 'ल' झाला, आणि झिजत झिजत 'लोणी' उरले. म्हणजे शुद्ध म्हणून पाटीवर मिरवणारा हा शब्द एके काळी पंडितांच्या कानाला अशुद्धच लागला असता.

आता 'पाणी' घ्या. मूळ संस्कृत शब्द 'पानीय'. त्यात 'न' आहे. महाराष्ट्री प्राकृताची खोडच अशी, की ती 'न'चा 'ण' करते; म्हणून 'पाणिअ' आणि मग 'पाणी' झाले. त्यानंतर कैक शतकांनी आमच्याकडच्या शेतकऱ्याने त्या 'ण'चा पुन्हा 'न' केला आणि 'पानी' म्हटले. मग वर्गात उभा राहिलेला तो पोरगा चुकला म्हणजे नेमके काय झाले? शब्द एका वळणाने 'न'कडून 'ण'कडे गेला तेव्हा त्याला आपण भाषेचा विकास म्हटले. दुसऱ्या वळणाने तो 'ण'कडून 'न'कडे आला, तेव्हा त्याला अडाणीपणा म्हटले. वळणे दोन्ही सारखीच. फरक एवढाच, की एक वळण छापले गेले आणि दुसरे छापले गेले नाही.

आणखी एक उदाहरण. आमची माणसे "म्या केलं" म्हणतात. शिकलेला मनुष्य "मी केले" म्हणतो आणि 'म्या' ऐकून हसतो. पण हाच 'म्यां' ज्ञानेश्वरीत आहे, तुकोबांच्या अभंगांतही आहे. शहराने तो टाकून दिला, खेड्याने जपून ठेवला. जुनी नाणी कोणी जपली तर आपण त्याला शाबासकी देतो. जुना शब्द जपणाऱ्याला मात्र आपण गावंढळ म्हणतो!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपल्या सर्वांना आनंद झाला. पण हा दर्जा मागताना आपण पुरावे कशाचे दिले, याचाही विचार करावा. सातवाहनांच्या काळातल्या महाराष्ट्री प्राकृताचे, हाल राजाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'चे. प्राकृत म्हणजे कोणाची भाषा? जुन्या संस्कृत नाटकांत राजा आणि पुरोहित संस्कृत बोलतात. बायका आणि नोकरचाकर प्राकृत बोलतात. म्हणजे आज जिच्या जोरावर आपण मान मिळवला, ती त्या काळची खालच्या पायरीवरची बोलीच होती.

आता या बोली आहेत तरी किती, ते पाहू. त्यासाठी लांब जायला नको. दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते, पुण्यात मुक्काम करते आणि मग आमच्या लोणी काळभोरच्या परिसरात उतरते. देहूकर नारायणमहाराजांनी १६८५ साली हा पालखीचा सोहळा सुरू केला असे मानतात. त्या रात्री एका तळावर साऱ्या महाराष्ट्राची मराठी ऐकायला मिळते. चुलीपाशी बसलेला आमच्याकडचा वारकरी म्हणतो, "मला भूक लागली." वऱ्हाडचा म्हणतो, "मले भूक लागली." खानदेशातली अहिराणी बोलणारी बाई म्हणते, "माले भूक लागनी." तळकोकणातला मालवणी माणूस म्हणतो, "माका भूक लागली." भूक एकच, ती सांगायच्या तऱ्हा चार. आणि आजवर असे कधी झाले नाही, की 'मले' म्हणणाऱ्याला भाकरी मिळाली नाही. पंगतीत व्याकरण विचारत नाहीत.

महाराष्ट्राबाहेर गेले तर आणखी रूपे दिसतात. बस्तरकडे हलबी आहे. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरकडे स्थायिक झालेल्या घराण्यांतून तिथली तमिळ वळणाची मराठी चालत आली आहे. इंग्रजी अमदानीत जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातील सर्व भाषांची पाहणी झाली. तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना घ्यायचा म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या माणसांकडून त्यांच्या त्यांच्या बोलीत मिळवली होती. त्या खंडात देशी, वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी, हलबी अशा पुष्कळ बोली आहेत. पण खानदेशी मात्र त्यात सापडत नाही! तिला निराळ्या, नवव्या खंडात, भिलांच्या भाषांशेजारी जागा दिली गेली. खानदेशातले लोक आपल्या अहिराणीला मराठीच्या अंगणातली मानत आले. पाहणी करणाऱ्यांनी तिचा पाट निराळा मांडला.

उलट कोकणीची कथा पाहा. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर अनेक वर्षे वाद झाला. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळाले. यावरून ध्यानात येते, की अमकी भाषा आणि तमकी बोली हा भेद काही निसर्गाने केलेला नाही. ओढ्याला आणि नदीला पाणी एकच असते. नाव कोणी काय द्यायचे, हे काठावरची माणसे ठरवतात.

मग मराठीच्या इतक्या बोलींतून एकच प्रमाण कशी झाली? इथे इतिहासाकडे वळावे लागते.

छापखाना येण्यापूर्वी असा प्रश्नच फारसा नव्हता. लिहिणारा आपल्या वळणाने लिही. उलट त्या काळचा वाद निराळा होता, तो संस्कृत आणि मराठीचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य महानुभाव पंथाची धुरा वाहत होते. केशोबास नावाचे त्यांचे एक विद्वान शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत होते. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. कारण सांगितले ते असे, की तुम्ही संस्कृतात लिहिले तर आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. थोर पंडिताला सल्ला देताना आठवण झाली ती म्हाताऱ्या बायकांची! याच सुमारास, १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मराठी ग्रंथलेखनाच्या उगमापाशीच हा विचार उभा आहे, की ज्याला कळायला हवे त्याच्या भाषेत सांगावे.

पुढे पेशवाईत पुणे राजधानी झाले. दप्तरे पुण्यात, कारकून पुण्यात, शास्त्री पुण्यात. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल आला. नव्या सरकारला शाळा काढायच्या होत्या, कायदे लोकांना समजावायचे होते. त्यासाठी कोश हवा, व्याकरण हवे, क्रमिक पुस्तके हवीत. शास्त्रीमंडळींनी तयार केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' १८२९ साली निघू लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ सालचे. मेजर थॉमस कँडी या गृहस्थांच्या हाताखालून तर सरकारी शाळांची पुस्तके वर्षानुवर्षे तपासून जात होती. आपण आज वाक्यात जो स्वल्पविराम देतो, जे प्रश्नचिन्ह देतो, त्यांची मराठीला ओळख करून देणारे पुस्तकही कँडींनीच १८५० साली लिहिले.

या साऱ्या मंडळींपुढे सवाल होता, की कोणाची मराठी नमुना म्हणून धरायची? त्यांच्या हाताशी होते शास्त्री आणि कारकून. त्यामुळे त्यांचीच मराठी नमुना ठरली. आपण म्हणतो पुण्याची मराठी प्रमाण झाली. पण ते अर्धेच खरे आहे. ती पुणे जिल्ह्याची मराठी नव्हे. ती शनिवारवाड्याच्या आसपासच्या लिहित्या-वाचत्या घरांची मराठी. लोणी काळभोर तिथून पाच-सहा कोसांवर, पण आमची बोली वेशीबाहेरच राहिली. कशाला, खुद्द पुण्यातल्या माळ्यांची, शिंप्यांची, महार-मांगांची बोलीही वेशीबाहेरच राहिली.

मी हे रागाने सांगत नाही. या प्रमाण भाषेने मोठे काम केले आहे, ते मान्य केले नाही तर आपण कृतघ्न ठरू. तिच्यामुळे चांद्याचा मुलगा आणि सावंतवाडीचा मुलगा एकच पुस्तक वाचू शकला. तिच्यातून वर्तमानपत्रे निघाली, चळवळी झाल्या. १ मे १९६० रोजी मराठी भाषिकांचे राज्य झाले, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. कारभार चालवायचा तर कागदावरची भाषा एकच असावी लागते. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, ते १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. राजमार्ग हवाच. पण राजमार्ग बांधला म्हणून कोणी गावातल्या पाऊलवाटा नांगरून टाकत नाही.

आपल्याकडे मात्र तसे झाले. महात्मा फुले पुण्यातच राहणारे. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात शेतकरी नवराबायको जशी बोलायची तशीच बोलतात. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. पुढे १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तोही बोलत्या मराठीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हा त्यांच्या व्याकरणाचीही टिंगल केली. चिपळूणकरांची मराठी डौलदार होती, यात शंका नाही. पण फुले काय सांगत आहेत याचे उत्तर, त्यांनी ऱ्हस्वदीर्घ कसे लिहिले यात नव्हते. शेतकरी कर्जात का बुडतो, हा प्रश्न शुद्धलेखनाच्या चुका दाखवून सुटत नाही.

दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला. लिहिणे-वाचणे त्यांना येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांनी ओव्या रचल्या, त्या आपल्या खानदेशी बोलीत. १९५१ साली त्या वारल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे कवी होते. त्यांनी जपून ठेवलेल्या त्या कविता आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. विचार करा, घरात लिहिता मुलगा नसता तर? जात्याच्या घरघरीबरोबर ते काव्य विरून गेले असते. महाराष्ट्रात जाती तर घरोघर होती. ऐकून लिहून घेणारा मुलगा किती घरांत होता?

असा पेच एकट्या मराठीपुढेच आला असेही नाही. दूर आफ्रिकेत, नायजेरिया देशाच्या आग्नेय भागात, इग्बो नावाचे लोक राहतात. त्यांची भाषा इग्बो. ती बोलणारे कोट्यवधी आहेत. भाषा सुरांची आहे. 'अक्वा' हा एकच शब्द सूर बदलून म्हटला, की त्याचा अर्थ कधी रडणे, कधी कापड, कधी अंडे, तर कधी बिछाना असा होतो. तिच्याही बोली पुष्कळ. लांबच्या गावची बोली समजायला कष्ट पडतात. १८५७ साली सॅम्युएल क्राउथर या धर्मोपदेशकाने इग्बोचे पहिले बालपुस्तक छापले. पुढे बायबलाचे भाषांतर करायचे ठरले तेव्हा मिशनऱ्यांपुढे आपल्यासारखाच सवाल आला, की कोणाची इग्बो घ्यायची? आर्चडीकन डेनिस यांनी एक तोड काढली. पाच बोली घेतल्या, त्यांचे मिश्रण केले आणि त्या 'संयुक्त इग्बो'त १९१३ साली बायबल छापले.

वरवर पाहता हे किती न्यायाचे वाटते! कोणा एकाची बोली वर नाही, कोणाची खाली नाही. पण झाले असे, की ती भाषा कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. चिनुआ अचेबे हे इग्बोंचे जगप्रसिद्ध लेखक. १९५८ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीने आफ्रिकेचे नाव जगभर झाले. पण ती त्यांनी लिहिली इंग्रजीत. डेनिस यांच्या या जुळवलेल्या भाषेवर त्यांचा फार राग होता. तिने इग्बो लेखनाचा जिवंतपणा मारला, असे ते सांगत. १९९९ साली ओवेरी या शहरात त्यांनी एक गाजलेले व्याख्यान दिले, ते इग्बोत. १९६१ साली इग्बोच्या लिपीचा तंटा मिटला होता, पण प्रमाण भाषेविषयीची कुरकुर नंतरही चालूच राहिली.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहा. इग्बोंची बायबलातली भाषा कोणाच्याच आईची नव्हती, म्हणून ती कोणाला आपली वाटली नाही. आपली प्रमाण मराठी काही थोड्या आयांची होती, म्हणून बाकीच्या आयांना कमीपणा आला. यावरून निघणारा धडा असा, की प्रमाण भाषा कशीही बनवा, ती बनवण्याने प्रश्न सुटत नाही. तिच्याबाहेर राहिलेल्या बोलींशी आपण कसे वागतो, यावर सारे अवलंबून असते.

आणि बोलींशी नीट वागले, तर लाभ भाषेचाच आहे. 'वाफसा' हा शब्द घ्या. पाऊस पडून गेला, रानात चिखल नाही आणि कोरडेपणाही नाही, पाभर धरायला जमीन अगदी बेताची झाली, या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतो. एवढा अर्थ सांगायला पुस्तकी भाषेला दोन ओळी लागतात. म्हणून शेतीशास्त्रज्ञांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला, आणि आज सगळीकडे "वाफसा येताच पेरणी करावी" असे छापतात. हा शब्द कोणत्याही समितीने घडवला नाही. तो बांधावरून आला.

आकाशवाणीचा एक जुना प्रयोगही इथे आठवतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर १९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत दीडशे गावांची निवड झाली. गावोगाव श्रोतृमंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न उलट केंद्राला कळवायचे. हा प्रयोग इतका यशस्वी झाला, की १९५९ पासून तो देशभर नेण्यात आला. यातली मला भावणारी गोष्ट ही, की शहाणपण एकाच दिशेने वाहत नव्हते. शेतकऱ्यालाही विचारायची मुभा होती. पण विचारायचे तर तोंड उघडावे लागते. आणि आपल्या बोलीची लाज वाटणारा मनुष्य तोंड उघडत नाही.

इथे मला माझी स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. महाविद्यालयात असताना माझे पुण्याचे दोन मित्र घरी जेवायला आले होते. आई वाढत होती. ती म्हणाली, "पोरांनो, पानी घ्या की." मी सर्वांदेखत म्हणालो, "आई, पानी नाही, पाणी." मित्र काही हसले नाहीत, ते चांगल्या घरचे होते. आई मात्र गप्प झाली. त्यानंतर माझा कोणीही शिकलेला स्नेही घरी आला, की ती पाण्याचा तांब्या ठेवून आत निघून जाई. माझ्या मित्रांना वाटे, माझी आई फार अबोल आहे. वास्तविक आमच्या आळीत तिच्याइतकी बोलकी बाई दुसरी नव्हती. वर्गातल्या दहा वेळांच्या हसण्याने जे केले नाही, ते माझ्या एका दुरुस्तीने केले. आता मी स्वतः शिकवतो. वर्गात एखादा खेड्यातला मुलगा उत्तर येत असूनही मान खाली घालून बसतो, तेव्हा मला तो तांब्या आठवतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझे काही सांगणे आहे. मुलाला प्रमाण मराठी शिकवू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. ती शिकवाच, आणि पक्की शिकवा. उद्या त्याला तहसील कचेरीत अर्ज लिहायचा आहे, सातबारा वाचायचा आहे, परीक्षा द्यायची आहे. ती भाषा त्याला नाकारणे म्हणजे पुन्हा एकदा त्याला वेशीबाहेर ठेवणे होय. पण शिकवताना "तुझे अशुद्ध, पुस्तकातले शुद्ध" असे म्हणू नका. "तुझ्या घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात," एवढेच म्हणा. मूल दोन्ही शिकते. शेतात जाताना एक वेष आणि लग्नाला जाताना दुसरा वेष करायचे त्याला कळते, तसे हेही कळते. तो लिहीत असेल तेव्हा लेखणीची चूक जरूर दुरुस्त करा; तो बोलत असेल तेव्हा त्याला बोलू द्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. मातृभाषा याचा अर्थ आपण 'मराठी' असा लावतो आणि मोकळे होतो. पण पहिलीतल्या पोराची मातृभाषा म्हणजे त्याच्या मातेची भाषा, हेही ध्यानात असू द्यावे.

आणखी एक काम मुलांना सांगता येईल. विहिरीवर मोट चालत होती तेव्हाचे शब्द आजोबांना विचारून आणायला सांगा. नाडा, सोंदूर, थारोळं, धाव. मोट गेली, तिच्यामागोमाग हे शब्दही चालले आहेत. जमिनीचे प्रकार विचारा: काळी, मुरमाड, चोपण, बरड. आजीला विचारा, जात्यावर काय म्हणत होतीस? हे सारे एका वहीत उतरून घ्या. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठीच्या बोलींवर एकेक पुस्तक सिद्ध केले. अलीकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगाव जाऊन बोलींचे आवाज मुद्रित केले आहेत. विद्वानांनी आपले काम केले. पण प्रत्येक वस्तीवर विद्वान पोहोचणार नाहीत. शिक्षक मात्र पोहोचलेला आहे. आणि मुलाला जेव्हा कळेल, की आपल्या आजीचा शब्द गुरुजींनी वहीत लिहून घेतला, तेव्हा त्याचा हात अर्ध्यावर थांबणार नाही.

आणि खेड्यातल्या माझ्या भावाबहिणींनो, तुम्हाला एकच सांगतो. सभेत, कचेरीत, शाळेच्या पालकसभेत उभे राहाल तेव्हा "आमाला बोलाया येत न्हाई" असे म्हणून खाली बसू नका. तुम्हाला बोलायला येते. तुम्ही बोलता तीही मराठीच आहे, आणि ती काही कालपरवाची नाही.

स्थानकावरची पाटी आहे तशीच राहू द्या. तिच्यावर 'लोणी' हेच बरोबर आहे. साऱ्या मुलखाला वाचता आले पाहिजे. पण गाडीतून उतरणारी आजी 'लोनी' म्हणाली, तर तिला कोणी दुरुस्त करू नये. तिच्या डोक्यावरची पाटी उतरायला हात द्यावा, आणि दोन शब्द ऐकून घ्यावेत.